एका रापणीतले

“आधी गोब्र्याक सोड,” आबा उमेशला म्हणाले. “मोठ्याक जागा दिली की बारके आपसूक सांभाळून रवतत.”

उमेशने बादली काठावर टेकवली आणि वीतभर लांबीचा गोब्रा टाकीत सोडला. गोब्रा हा खडपातला, म्हणजे किनाऱ्याजवळच्या खडकांतला मासा. तोंड भलंमोठं, आणि चेहरा असा, की याला कोणीतरी जेवायला बोलवायचं विसरलंय. तो तळाशी जाऊन बसला आणि आमच्याकडे बघू लागला. मागोमाग आबांनी ओंजळी-ओंजळीने बारके मासे सोडले. निळे, रुपेरी, एक पट्ट्यापट्ट्यांचा. ते सगळे वरच्या कोपऱ्यात गोळा झाले.

“बघ, कसे गुण्यागोविंदान रवले,” आबा म्हणाले.

मला ते गुण्यागोविंदाचं लक्षण वाटलं नाही. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी कोल्हापूरहून मालवणला माहेरी आले होते. पायांना सूज होती आणि डॉक्टरीणबाईंनी बसून राहायला सांगितलं होतं. पुढच्या खोलीत टाकी आली आणि माझी खुर्ची तिच्यासमोर पडली, ती शेवटपर्यंत तिथेच.

टाकीची कल्पना उमेशची, माझ्या धाकट्या भावाची. आमच्या घराच्या पुढच्या खोल्या त्याने पर्यटकांना द्यायला काढल्या होत्या आणि पाहुण्यांच्या पोरांना बघायला काहीतरी हवं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. कुडाळचा इग्नास फर्नांडिस टाकी बसवून गेला. जाताना त्याने बजावलं होतं, की खारं पाणी कोणीही भरेल, खरं काम त्यापुढे आहे. कोणाच्या शेजारी कोण राहील ते आधी ठरवा आणि मग मासे आणा.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पटलं नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य रापणीवर गेलेलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. त्यात काय काय एकत्र येतं ते आबांइतकं कोणी पाहिलं असेल असं वाटत नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. एका रापणीत येतात ते एका पाण्यात राहणारे, आणि एका पाण्यात राहणारे ते एकत्र नांदणारे. यात इग्नासला विचारायचं काय?

आम्हीही कोणी वाद घातला नाही. आबा कशात तरी लक्ष घालत होते, एवढंच आम्हाला पुष्कळ होतं. दोन वर्षांपूर्वी माझा मोठा भाऊ दिगंबर समुद्रात गेला. होडी परत आली, तो आला नाही. देहही मिळाला नाही. क्रियाकर्म उमेशने केलं आणि आबा त्या दिवशी मागच्या माडाखाली पाठ फिरवून बसून राहिले. त्यानंतर ते दाढी आठवड्याने करायचे, बोलायचे कमी, आणि बोलले तर दिगाबद्दल तो बाजारात गेल्यासारखं बोलायचे. दिगाक ह्या आवडता. दिगा असा करीत नाय. आम्ही ऐकून घ्यायचो.

दिगाची बायको, आमची सुनेत्रावहिनी, आमच्याकडेच होती. बारावी झालेली, अजून तिशीही न गाठलेली. त्याच सुमाराला सावंतवाडीला नर्सिंगच्या कोर्सला तिचं नाव लागलं. दोन वर्षं वसतिगृहात राहायचं, मग नोकरी. महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत हजर व्हायचं होतं. तिने अर्ज केला तो आईला सांगून, आणि आईने आबांना सांगितलं ते नाव लागल्यावर. आबांनी एका शब्दात नाही म्हटलं. आबांची परवानगी नसेल तर मी उंबरा ओलांडणार नाही, असं वहिनी मला म्हणाली. मला चीड आली. अशी माणसं त्यांच्यासाठी भांडणाऱ्यांचं काम आणखी अवघड करून ठेवतात, असं मला वाटलं.

इकडे टाकीतली संख्या कमी होऊ लागली. उमेशला मांजराचा संशय. रेश्माला, म्हणजे उमेशच्या बायकोला, पाहुण्यांच्या एका उपद्व्यापी पोराचा. मी मात्र खुर्चीत बसल्या बसल्या एका सकाळी गोब्र्याच्या तोंडातून लोंबणारं रुपेरी शेपूट पाहिलं आणि सगळ्यांना हाक मारली.

आबा बराच वेळ काचेला डोळे लावून उभे राहिले. “रापणीत असा कधी करीत नाय,” ते म्हणाले.

“आबा, रापणीत तेंका जेवक येळ खय असता?”

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं आता ओरडतील, पण त्यांना हसू फुटलं. दोन वर्षांत ते मी पहिल्यांदाच बघितलं. त्या दुपारी गोब्रा आमच्या ताटात आला आणि त्याची सगळ्यात जाड तुकडी दोन जिवांची म्हणून मला मिळाली.

त्यानंतर आबा टाकीच्या मागेच लागले. सकाळी रापण ओढायच्या वेळी ते किनाऱ्यावर जाऊन बसू लागले. मासा उचलायचे, त्याचं तोंड उघडून दात बघायचे, काटे चाचपायचे आणि नकोसा परत टाकायचे. जुने सोबती चेष्टा करायचे, की रापणीचा म्होरक्या, आपला तांडेल, आता माशांना नोकरीवर ठेवतो. दातवाला नको, हावरा नको, दुसऱ्याच्या अंगावर जाणारा नको. असं करत करत त्यांनी खडपातली निळी बारकी मासळी जमवली, दोन कोळंब्या, शंखातला एक खेकडा, आणि शेवटी एक पिवळा मासा, ताटलीसारखा चपटा, डोळ्यावरून काळी पट्टी गेलेला. त्याचं तोंड एवढंसं होतं, की याचा कोणाला त्रास होणंच शक्य नाही, असं आबा म्हणाले.

आणि खरंच टाकी शांत झाली. कोणी कोणाला खाईना. पाहुणे फोटो काढू लागले. आबा रोज दाढी करून, स्वच्छ सदरा घालून टाकीशेजारी बसायचे आणि पुण्या-नाशिकच्या लोकांना प्रत्येक माशाचा स्वभाव सांगायचे. सगळे एकाच घरातले असल्यासारखे राहतात, हे त्यांचं शेवटचं वाक्य असायचं.

त्यांचा असा बरा मूड बघून मी वहिनीला पुढे केलं. शनिवारची सकाळ होती, हातात एकच दिवस उरलेला. आबा टाकीपाशी होते. वहिनी पदर घट्ट धरून उभी राहिली आणि तिने एकदाच विचारलं, “आबा, जाऊ मा मी?”

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिला जवळच्या बाकावर बसायला सांगितलं आणि अगदी मायेने विचारलं, “तुका हयसर कोण काय करता? सासू काय बोलली? रेश्मा काय बोलली? सांग माका.”

“कोण काय बोलणत नाय, आबा.”

“कामाचो जाच आसा?”

“नाय.”

“मगे जातंस कित्याक?”

खरं सांगायचं तर याचं उत्तर मलाही देता आलं नसतं. आमच्या घरात तिला कोणी टाकून बोलत नव्हतं. आई तिच्या डोक्याला तेल लावायची. रेश्मा तिला बहिणीसारखी वागवायची. तरी ती दिवसेंदिवस वाळत होती आणि कुठे बोट ठेवावं ते कळत नव्हतं. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “दिगाच्या घरात दिगाची बायल रवतली. लोकांनी माका काय म्हणाचा?” ते म्हणाले आणि पुन्हा टाकीकडे वळले. वहिनी स्वयंपाकघरात गेली.

त्याच दिवशी इग्नास पाणी तपासायला आला. त्याने टाकीतल्या सगळ्यांना नावाजलं आणि मग पिवळा मासा कुठे आहे म्हणून विचारलं. तो पंपाच्या नळीमागे होता. आबा म्हणाले, तो तिथेच असतो, लाजरा आहे, पण त्याला कोणी काही करत नाही. इग्नासने त्यांना खाणं टाकायला सांगितलं आणि स्वतः खाली बसून बघत राहिला. आबांनी कोळंबीचा चुरा टाकला. निळी मासळी तुटून पडली. पिवळा नळीमागून थोडा पुढे आला, थांबला, मागे सरला. पुन्हा पुढे आला तेव्हा पाण्यात काही उरलं नव्हतं.

“तेका कोण मारणत नाय, आबा,” इग्नास उठत म्हणाला. “पण तो येयपर्यंत सगळा संपता. रोज मागे सरान सरान तेचा पोट पाठीक लागला हा. बघा.”

“मगे ज्यास्ती घालूया.”

“ज्यास्ती घातलास तरी आधी तेच येतले. तेंचीय चूक नाय. मागे कोण उपाशी रवलो ता तेंका म्हायत नसता. तेका येगळी टाकी करा.”

“येगळी कित्याक? हयसर काय वायट आसा?”

इग्नासने खांदे उडवले आणि चहा पिऊन निघून गेला. आबांनी बांबूची एक लांब काडी तासली, तिच्या टोकाला कोळंबीचा तुकडा खोवला आणि तो थेट पिवळ्याच्या तोंडाशी नेला. पिवळा काडीला बुजला. निळ्यांना मात्र काडी लगेच कळली. संध्याकाळपर्यंत आबा ती काडी घेऊन टाकीत हात घालून उभे होते आणि काडी आत गेली की निळ्यांची झुंबड तिच्याभोवती आधीच तयार असायची. मी त्यांना पुरे म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही.

रविवारी सकाळी पिवळा तळाशी आडवा पडलेला होता. आबांनी तो तळहातावर घेतला आणि खिडकीपाशी नेला. कल्ले उचलून बघितले, पर पसरून बघितले, अंगावरून अंगठा फिरवला. ज्या हातांनी त्यांनी आयुष्यभर टोपल्याच्या टोपल्या ओतल्या, त्या हातांत तो एवढासा मासा बघून मला भडभडून आलं.

“खय एक ओरखडो नाय,” ते म्हणाले. दोनदा म्हणाले.

आमच्याकडे जेवायची एक रीत होती, कोणी न ठरवलेली. आधी पाहुणे, मग आबा आणि उमेश, मग मी, मग आई आणि रेश्मा. वहिनी तळायला आणि वाढायला असायची म्हणून ती शेवटी. जेवून हात धुतले की आबा थेट पडवीत जाऊन आडवे व्हायचे. त्यानंतर स्वयंपाकघरात काय होतं ते त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

त्या दुपारी ते आडवे झाले नाहीत. आमची सगळ्यांची जेवणं झाल्यावर ते स्वयंपाकघरात आले आणि पाट ओढून भिंतीला टेकून बसले. आई गोंधळली. तिने त्यांना काय हवं म्हणून विचारलं, पाणी पुढे केलं, जाऊन पडा म्हणाली.

“बसतंय वायच,” आबा म्हणाले. “सुनेत्रा, तू जेव.”

सासऱ्यासमोर ती कशी जेवणार? ती भांडी सारखी करत राहिली. आबा उठेनात. शेवटी तिने पाठ करून ताट घेतलं आणि बांगड्याच्या तिखल्यावरचं झाकण काढलं. मी दारातच उभी होते, मला आतलं दिसलं. मधल्या तुकड्या संपल्या होत्या. रस्सा होता आणि दोन डोकी.

“ह्याच रवला?” आबांनी विचारलं.

“तिका डोकीच आवडतत,” आई म्हणाली. “पयल्यापासून. तीच म्हणता.”

“तुका डोकी आवडतत?”

वहिनी झाकण हातात धरून उभी राहिली. रेश्मा धुतलेली ताटं मांडत होती, तिचे हात थांबले.

“नाय,” वहिनी म्हणाली.

आईचा चेहरा उतरला. ती वाईट बाई नव्हती, आणि तिला ते लागलं. “मगे इतकी वर्सा बोललंस कित्या नाय?”

“लग्नानंतर पयल्या दिवशी डोकीच उरली होती. तुमका वायट वाटात म्हणान बोललंय, माका आवडतत. मगे तुमी रोज माज्यासाठी डोकी काढून ठेवूक लागलास.”

आई खाली बसली आणि पदराने तोंड पुसू लागली. आबा उठून बाहेर गेले. मी त्यांच्या मागे जाऊन, आता तरी तिला पाठवा, असं सांगणार होते, पण ते चपला घालून बाजाराकडे निघाले होते. मला हायसं वाटलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला कळलं.

तासाभराने ते एक लांबलचक सुरमई घेऊन आले. स्वतः उभं राहून त्यांनी ती कापून घेतली. संध्याकाळी लवकरच, उजेड असतानाच, त्यांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. दोन पाट मांडले, एक स्वतःचा आणि त्याच्या शेजारी दिगाचा. दिगा गेल्यापासून त्या पाटावर कोणी बसलं नव्हतं. त्यावर त्यांनी वहिनीला बसवलं आणि तिच्या ताटात मधली, सगळ्यात रुंद तुकडी आपल्या हाताने ठेवली.

“आता रोज अशी,” ते म्हणाले. “पयली तुकडी तुझी. मगे बाकीच्यांका.”

आबांचा चेहरा खुलला होता. चूक सापडली आणि दुरुस्तही झाली, असा. आई कौतुकाने बघत होती. उमेश, रेश्मा, मी, सगळे भिंतीला लागून उभे आणि सगळ्यांचे डोळे तिच्या ताटावर. वहिनीने भाताला हात लावला आणि तो तिथेच राहिला.

“खा,” आबा म्हणाले. त्यांनी स्वतः एक घास घेतला आणि तुकडी तिच्याकडे आणखी सरकवली. “खा गो.”

“आबा, माका मासो नको,” वहिनी ताटाकडे बघत म्हणाली. “माका जावक होया.”

आबांचा हात थांबला. “आता काय कमी रवला?”

“काय नाय.”

“मगे?” त्यांचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. “तू गेलंस तर दिगाचा ह्या घरात काय रवता? सांग. कपडे मी देवन टाकूक देणत नाय, पाट हलवूक देणत नाय. तो येयत तेव्हा तेका काय दाखवू?”

आईने तोंडावर हात धरला. आबा अजून दिगाची वाट बघतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीही कधी त्यांच्यासमोर उच्चारलं नव्हतं. ते वहिनीला अडवतात ते, आम्ही म्हणायचो, लोकांच्या भीतीने, घराण्याच्या अब्रूसाठी. तसं काही नव्हतं. ते तिला मुलासाठी जपून ठेवत होते.

वहिनीने पहिल्यांदा मान वर केली आणि त्यांच्याकडे बघितलं.

“ते गेले, आबा,” ती म्हणाली.

एवढंच. आवाज न चढवता, न रडता. मला वाटलं आता आबा ताट भिरकावतील. ते बसल्या जागी खाली खाली गेले. मग रडू लागले. मी माझ्या बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि ते बघणं मला सहन होईना. उमेश पुढे झाला तर त्यांनी उष्ट्या हातानेच त्याला थांबवलं. पुष्कळ वेळ त्यांचे खांदे हलत होते आणि वहिनी पाटावरून हलली नाही.

“कधी जावक होया?” शेवटी त्यांनी विचारलं.

“उद्या. सकाळच्या एसटीन.”

“बरा.”

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. तिच्या ताटाकडे बघितलं. भात तसाच, तुकडी तशीच. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे, भिंतीला लागून उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडे, जणू आम्ही तिथे कधीपासून आहोत ते त्यांना आता दिसत होतं.

“चला, भायर व्हा,” ते म्हणाले.

आई म्हणाली, तिला वाढायला कोणीतरी हवं.

“घेयत ती आपल्या हातान. चला.”

आबा आपल्या पाटावरून उठले. त्यांच्या ताटातली सुरमई अर्धी तशीच राहिली. त्यांनी आम्हाला कोंबड्यांसारखं हाकलत पडवीत आणलं, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उंबऱ्यावर बसले. आम्ही जिथे जागा मिळेल तिथे टेकलो. मी भुकेली होते, उमेशही असणार. आई मधूनच उठायची आणि आबांकडे बघून परत बसायची.

आतून आधी काहीच ऐकू येईना. मग वहिनीचं रडणं ऐकू आलं, मोठ्याने, तोंड दाबून न धरता. रेश्मा उठू लागली तशी आबांनी मान हलवली. रडणं हळूहळू थांबलं. बऱ्याच वेळाने पळी टोपाला लागल्याचा आवाज झाला, आणि पुन्हा एकदा झाला.

पुढच्या खोल्यांतले पुण्याचे पाहुणे बाहेर येऊन विचारू लागले, जेवणाला अजून किती वेळ आहे, मुलांना भुका लागल्यात. उमेश गडबडीने उठला. आबांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं.

“वायच थांबा,” ते पाहुण्यांना म्हणाले. “माझी सून जेवता.”